दूध संस्थेचं अ‍ॅप: तीन रेघांचा मेनू की खाली टॅब?

कागलचा_कोडर
मंडळी, गावातल्या दूध संस्थेच्या सभासदांसाठी अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. भाषा कॉटलिन, स्क्रीनची मांडणी साध्या एक्सएमएल फाइलींत. संकलन केंद्रावरच्या मशीनचा डेटा नीट येतोय, गाडी अडलीय नॅव्हिगेशनवर, म्हणजे एका स्क्रीनवरून दुसरीकडे कसं जायचं त्यावर.

स्क्रीन सात आहेत: आजचं दूध (दोन्ही वेळचं लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, दर), दहा दिवसांचं बिल, कपात (पशुखाद्य, उचल), मागची बिलं, सूचना, जनावरांचे डॉक्टर, माझी माहिती. सचिव म्हणतात, "सगळं वरच्या तीन रेघांत टाका, स्क्रीन कशी मोकळी दिसते." सचिवांना मोकळी स्क्रीन फार आवडते, टेबलावर मात्र रजिस्टरांचा ढीग असतो, ते असो. वापरणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. फोन स्वस्तातले, अक्षरं मोठी करून ठेवलेली. तीन रेघा म्हणजे मेनू हे त्यांना कोण सांगणार?

माझा कल खालच्या टॅबकडे आहे. पण तिथं जास्तीत जास्त पाच टॅब, मग सात गोष्टी पाचांत कशा बसवू? आणि पाच टॅब केले तर 360 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीन मोजायचं माप) रुंदीच्या फोनवर एकेकाला 72 डीपी मिळतात. 'पशुखाद्य कपात'चं तिथं 'पशुखा…' होतं.

रेषा_आणि_रंग
दादा, स्क्रीन मोजू नका, माणूस अ‍ॅप कशासाठी उघडतो ते बघा. दूध घालून घरी आला की त्याला एकच बघायचं असतं, फॅट किती लागली. ते अ‍ॅप उघडल्या उघडल्या समोर हवं, त्यासाठी कुठं बोटही लावायला लागू नये.

कपात वेगळी कशाला? बिल न बघता नुसती कपात कोण बघतं? ती बिलातच दाखवा, मागची बिलंही त्याच स्क्रीनवर खाली. सूचनांना वर घंटी, माझ्या माहितीला तिच्या शेजारी आयकॉन.

डॉक्टर मात्र टॅबमध्येच ठेवा. वापर महिनोन्‌महिने होणार नाही, पण रात्री गाय विताना अडली तर तो माणूस मेनू शोधत बसणार नाही. उरले तीन: आज, बिल, डॉक्टर. लेबलाचा प्रश्नच मिटला.

सचिवांना सांगायला: गूगलनं 2016 मध्येच खालची पट्टी मटेरियलच्या, म्हणजे त्यांच्याच डिझाइनच्या, नियमांत घेतली, तीन ते पाच जागांसाठी. त्याच नियमांच्या 2025 च्या आवृत्तीत, मटेरियल थ्री एक्सप्रेसिव्हमध्ये, तर तीन रेघांतून बाजूनं सरकत येणारा मेनू, म्हणजे ड्रॉवर, वापरूच नका म्हटलंय.

बग_मास्तर
वरच्या ताईंशी सहमत. ड्रॉवरची आणखी एक गोची: अँड्रॉइड 10 पासून जेश्चर (बटणांऐवजी बोट सरकवून फोन चालवणं) चालू असले की कडेवरून बोट सरकवल्यावर फोन मागे जातो. मेनू उघडायला गेलेला माणूस अ‍ॅपच्या बाहेर.

पुढे चौथा टॅब वाढवलात तर बॉटमनॅव्हिगेशनव्ह्यू (खालच्या पट्टीचा तयार घटक) आपणहून फक्त निवडलेल्याचं लेबल दाखवतो, बाकी नुसते आयकॉन. त्याची लेबलव्हिजिबिलिटीमोड ही सेटिंग आत्ताच 'लेबल्ड' करून टाका. आणि पट्टीची उंची पक्की बांधू नका. फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून बघा, 'बिल'ची वेलांटी वरून कापली जाते का ते. इंग्रजी लेबलं लावून तपासलं की हे कळतच नाही.

जुना_वापरकर्ता
मी उलट सांगतो. टॅब-बिब नको, पहिल्याच पानावर मोठमोठे चौकोन द्या. पैसे पाठवायच्या अ‍ॅपमुळे आमच्या वडिलांना तेच सवयीचं झालंय.

रेषा_आणि_रंग
चौकोन वाईट नाहीत. पण मग पहिलं पान चौकोनांनीच भरणार आणि फॅट बघायला रोज दोनदा एक जास्तीची टिचकी. हे अ‍ॅप रोज त्याच एका आकड्यासाठी उघडणार आहे.

कागलचा_कोडर
तीन टॅब नक्की. सचिवांना कागदावर काढून दाखवलं, 'बिल' खाली कायम दिसतंय म्हटल्यावर तीन रेघा विसरले. आता एवढंच सांगा, 'बिल तयार झाले' ही सूचना दाबली की कुठं न्यायचं? सूचनांच्या यादीत?

बग_मास्तर
नाही, थेट त्याच बिलावर, बिल टॅब निवडलेला दिसला पाहिजे. तिथून मागे दाबलं की 'आज', परत दाबलं की बाहेर.