दहावीतल्या मुलाला काउन्सेलरकडे न्यायचंय, तिथे नक्की काय करतात?

बार्शीची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दहावीत. दिवाळीनंतर रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणतो आणि अकरा वाजले की आपोआप बरा होतो. आधी मला वाटलं कारणं सांगतोय, ओरडले पण, मग डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं झालं, काहीच निघालं नाही. नववीला 86 टक्के होते, सहामाहीला 58 वर आला. क्रिकेट बंद, मित्र दारात आले की मला म्हणतो झोपलाय म्हणून सांग. आमच्या डॉक्टरांनीच सोलापूरला काउन्सेलरकडे न्या म्हणून सांगितलं, गुरुवारची वेळ घेतलीय. यांचं म्हणणं हे सगळे लाड आहेत, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सासूबाईंना तर सांगितलेलंच नाही. मला एवढंच विचारायचंय की तिथे नक्की करतात काय, गोळ्या देतात का, तो जे बोलेल ते आम्हाला सांगतात का, आणि त्याला घरून काय सांगून न्यायचं? मला तर वाटतंय दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून न्यावं, नाहीतर येणारच नाही.

दोन_मुलींची_आई

ताई, खोटं सांगून तेवढं नेऊ नका, ही चूक मी केलीय म्हणून सांगतेय. थोरलीला मी डोळे तपासायचे म्हणून नेलं होतं, बोर्ड वाचून तिला कळलं आणि आत गेल्यावर पाऊण तास ती एक शब्द बोलली नाही, नंतर मला म्हणाली तू पण खोटं बोलतेस. तो विश्वास परत मिळवायलाच आम्हाला दोन महिने लागले. सरळ सांगा, तुझं पोट खरंच दुखतं हे मला मान्य आहे, डॉक्टर म्हणाले की टेन्शनने पण असं दुखतं, तर त्यातलं कळणाऱ्या एका माणसाला भेटून येऊ, एकदा ये, नाही आवडलं तर दुसरं कोणीतरी बघू. आणि "मला मान्य आहे" हे नक्की म्हणा, कारण दुखणं खरं असतं, मुलं नाटक करत नसतात.

पहिल्या वेळेला आमच्याकडे आधी सगळ्यांना एकत्र बसवलं, मग फक्त तिला, शेवटी आम्हाला दोघांना. आम्हाला झोप, जेवण, लहानपणची आजारपणं, घरात कोण कोण, भांडणं होतात का, असलं सगळं विचारलं. मला राग आला होता खरं तर, प्रॉब्लेम मुलीचा आणि चौकशी माझी. पहिल्या दोन-तीन वेळेला काही फरक दिसला नाही, नुसत्या गप्पा मारतात आणि पैसे घेतात असंच वाटलं. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर ती घरी परत जेवायला आमच्यात बसायला लागली, तिथून मला पटलं.

आणि एक, बाहेर आल्या आल्या काय विचारलं, काय बोललास असं करू नका हो. आम्ही तिथून निघालो की उसाचा रस प्यायचो आणि घरी यायचो, बस. स्कूटरवर मागे बसून ती आपणहून बोलायची, समोर तोंड नसलं की मुलं बोलतात.

शाळेतली_समुपदेशक

मी शाळेत हेच काम करते. तुमच्या प्रश्नांची जमतील तशी उत्तरं देते.

गोळ्या काउन्सेलर देत नाही, सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रज्ञही देत नाही, त्या फक्त सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लिहून देतात. गरज वाटली तर काउन्सेलर तिकडे पाठवेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. तुम्ही मात्र भेटण्याआधी शिक्षण काय झालंय ते बिनधास्त विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो नंबर मागितला तर चांगला माणूस रागावत नाही.

आता तो जे बोलेल ते. मुलगा अठराच्या आतला आहे म्हणून तुमची संमती घेतील, फॉर्मवर सही घेतील. पण आत बोललेलं सगळं तुम्हाला सांगणार नाहीत. हे पालकांना फार लागतं, पण विचार करा, सगळं घरी पोचणार असेल तर तो काउन्सेलरशी तरी का बोलेल? काही गोष्टी मात्र लपवल्या जात नाहीत. जिवाला धोका असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा करायचं बोलत असेल, दुसऱ्याला इजा करणार असेल, तर तुम्हाला सांगितलंच जातं. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांपर्यंत न्यावंच लागतं. चांगला काउन्सेलर हे मुलाला पहिल्याच भेटीत तुमच्यासमोर सांगतो. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

सकाळची पोटदुखी आम्ही खूप बघतो. शाळेत काहीतरी आहे, कोणी त्रास देतंय, एखाद्या विषयाची धास्ती, वर्गात झालेला अपमान, काहीही असू शकतं, आणि जितके दिवस घरी राहील तितकं परत जाणं जड होतं, म्हणून बहुतेक वेळा थोडं थोडं करून शाळा परत सुरू करायचं ठरवतात, म्हणजे आधी दोन तास, मग अर्धा दिवस. वर्गशिक्षकांशी बोलायची परवानगी तुमच्याकडे आणि त्याच्याकडे मागतील. घरी लिहायला काही देतील, भीती वाटली तेव्हा डोक्यात काय आलं, अंगात कुठे काय झालं वगैरे. एका भेटीत काही होत नाही, आठ-दहा धरून चला.

आणि ताई, तो कधी जगायचा कंटाळा आलाय असं काही बोलला असेल तर गुरुवारपर्यंत थांबू नका. सरळ विचारा त्याला, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्याने डोक्यात घुसत नाही, उलट मुलाला हलकं वाटतं. 14416 हा टेली मानस या मानसिक त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पुण्यातला_वीस_वर्षांचा

काकू, मला सोळाव्या वर्षी नेलं होतं म्हणून लिहितोय. मला वाटलं होतं झोपवून काहीतरी विचारतील, पिक्चरमध्ये दाखवतात तसं. तसं काही नसतं, साधी खोली असते, खुर्च्या असतात. पहिल्या दिवशी मी तिथल्या फॅनकडेच बघत बसलो होतो. त्या मॅडम म्हणाल्या नाही बोललास तरी चालेल, मग क्रिकेटवर बोललो, पुढच्या वेळेला मोबाईल गेमवर, आणि तिसऱ्या वेळेला मी एकदम रडलो, कारण बाबांच्या डोळ्यात मी फेल आहे हे मी आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. मग बाबांना बोलावलं. बाबा चार वेळा आले. खरं सांगू, माझ्यापेक्षा ते चार वेळा आले त्यानेच जास्त फरक पडला. काकांना न्या काकू, नुसतं गाडी चालवायला म्हणून का होईना पण न्या. आणि त्याला दहावीच्या मार्कांसाठी नेताय असं वाटू देऊ नका.

बार्शीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून रडूच आलं. काल रात्री त्याला विचारलं, ताईंनी सांगितलं तसंच सरळ. जीव द्यायचं तसलं काही नाही म्हणाला, पण नंतर अर्धा तास बोलला, ऑक्टोबरमध्ये गणिताच्या तासाला फळ्यासमोर उभं केलं होतं आणि वर्ग हसला, मला माहीतच नव्हतं. गुरुवारी येतो म्हणालाय. एकच राहिलं, प्रत्येक वेळेला हजार रुपये फी आणि वर बसभाडं, आठ-दहा वेळेला आम्हाला झेपणार नाही, सरकारी काही असतं का?

शाळेतली_समुपदेशक

असतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे खाजगीसारखी फी लागत नाही. आणि 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक म्हणून असतात, तिथेही समुपदेशक बसतात, बार्शीच्या सरकारी रुग्णालयात आधी विचारून बघा, म्हणजे प्रवास वाचेल. गुरुवारी तिकडे गेलात तरी फीचं तोंडाने स्पष्ट सांगा, बरेच जण कमी करतात किंवा मधल्या भेटी फोनवर घेतात. फळ्याची गोष्ट मात्र तुम्ही काउन्सेलरला आधी सांगू नका, त्याची त्यालाच सांगू द्या.

बार्शीची_आई

बरं, नाही सांगत. हे पण येतायत गुरुवारी, गाडी घेऊन.