मदत हवी आहे: तालमीचे फोटो काढताना मीटर शून्यावर, तरी चेहरे पांढरेफटक

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात डिजिटल फोटोग्राफी हा विषय आहे. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ (अनुक्रमे उजेड किती वेळ आत येतो, लेन्सचं भोक किती उघडं आहे आणि कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे) या तिघांच्या व्याख्या वर्गात झाल्यात, पेपरात लिहिताही येतील. पण प्रात्यक्षिकासाठी आपापला विषय निवडायचा होता आणि मी आमच्या कॉलेजच्या एकांकिकेची तालीम निवडली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात नाटक उभं केलं, तिथं राहून मला दुसरा विषय सुचलाच नाही. पोरं जीव तोडून तालीम करतात. त्यांचे चेहरे जसे दिसतात तसे फोटोत यावेत एवढीच इच्छा आहे.

कॅमेरा विभागाचा आहे: कॅनन १५००डी, सोबतची १८-५५ लेन्स. रंगमंचाच्या मागं काळा पडदा, वरून पिवळा झोत, बाकी अंधार. मी मागच्या रांगेतून ५५ वर झूम करून काढते. एम मोड (सगळे आकडे मीच ठरवते), एफ/५.६ हे अ‍ॅपर्चर, आयएसओ १६००. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर आणायला शटर १/३० सेकंद करावं लागतं. मग चेहरे पांढरेफटक येतात, नाकडोळेसुद्धा नीट दिसत नाहीत, आणि हात हलला की पुसट होतो. शटर १/१२५ केलं तर काटा उणे दोनवर जातो, म्हणून परत १/३० वर येते. आयएसओ ६४०० करून पाहिला तर दाणे दिसतात.

वर्गातले म्हणतात ५० एमएमची लेन्स घे. घरी आत्ता त्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. आहे त्या सामानात काय करता येईल? नुसते आकडे देऊ नका, ते तसे का हेही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी माझं मला ठरवता येईल.

प्रतिसाद १

हौशी नाटकांचे फोटो बरीच वर्षं काढतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. कॅमेऱ्याला समोर नट आहे की पडदा, हे कळत नाही. चौकटीतला सगळा उजेड मिळून मध्यम करडा यावा, असं धरून मीटर हिशोब करतो. तुझ्या चौकटीत बहुतेक जागा काळ्या पडद्याची आहे. तो पडदा करडा व्हावा म्हणून मीटर जास्त उजेड मागतो, आणि त्यात आधीच उजळलेला चेहरा जळतो. उलट पांढऱ्या भिंतीपुढं कुणाला उभं केलंस तर चेहरा काळवंडेल.

आता १/३० वरून १/६० आणि तिथून १/१२५, म्हणजे दोन स्टॉप. प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो. काटा उणे दोन दाखवतो तो पडद्याच्या हिशोबानं. चेहऱ्याला तेवढाच उजेड पुरेसा असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे जे १/१२५ तू चूक समजून सोडून देत होतीस तेच बहुधा बरोबर आहे, आणि त्यात हाताची हालचालही बरीच थांबेल. काटा शून्यावर यायलाच हवा असा काही नियम नाही.

हे घरी पक्कं करून घे. घरातल्या कुणाला तरी खिडकीशी बसव, मागं एकदा गडद घोंगडी आणि एकदा पांढरी चादर लाव. ‘एव्ही’ मोडवर (यात शटर कॅमेराच ठरवतो) दोन्ही फोटो काढ. उजेड तोच, चेहरा तोच, पण फोटो वेगळे येतील. मग एम मोडवर एकच आकडे ठेवून पुन्हा काढ. पुस्तकातल्या चार पानांपेक्षा यातून जास्त कळेल. शटरसाठी छताचा पंखा घे: १/३०, १/२५०, १/१०००, आणि पात्यांकडे बघ.

दुसरं, मागच्या रांगेतून उठ. ही लेन्स १८ वर एफ/३.५ पर्यंत उघडते, ५५ वर एफ/५.६ पर्यंतच (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं). म्हणजे झूम केल्यावर निम्म्याहून जास्त उजेड जातो. प्रयोगाला जवळ जाता येत नाही, तालमीत दिग्दर्शकाला विचारून जाता येतं. रंगमंचाच्या कडेला उभी राहा आणि १८-२४ वर काढ. पैसा न घालता स्टॉपभर उजेड मिळतो. फ्लॅश आणि बीप दोन्ही बंद ठेव. अंधारात फोकस साधायलाही फ्लॅश लुकलुकतो आणि नटांचं लक्ष जातं.

आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढ. सावलीतलं थोडं नंतर उचलता येतं, पूर्ण जळालेलं पांढरं परत येत नाही. रॉ फोटो सुधारायचं डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. दाण्यांना इतकं घाबरू नकोस. दाणेदार चेहरा छापता येतो, हललेल्या चेहऱ्याचं काही करता येत नाही. लेन्समधला स्टॅबिलायझर आपल्या हाताचा कंप सावरतो, नटाची हालचाल थांबवत नाही. त्याच्या भरवशावर शटर खाली आणू नये.

५० एमएमबद्दल: तिच्यावर एफ/२ वरही काढता येतं. एफ/५.६ वरून एफ/२ म्हणजे तीन स्टॉप, आठपट उजेड. फायदा खरा आहे. पण इतक्या उघड्या लेन्सवर पुढचा नट स्पष्ट आणि मागचा धूसर होतो, आणि एकांकिकेत दोघांमधलं नातंच तर टिपायचं असतं. आत्ता विकत घेऊ नकोस. कुणाची एका संध्याकाळपुरती मिळाली तर वापरून बघ.

प्रतिसाद ३

एक भर घालते. तालमीच्या खोलीत एलईडी ट्यूब असतील तर आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं त्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होऊ शकतो. शटर १/२०० किंवा त्याहून वेगवान ठेवलं की कधी फोटोत पट्टे येतात, कधी लागोपाठच्या दोन फोटोंचा उजेड वेगळा येतो. तसं दिसलं तर १/१०० वर ये. मंचावरच्या रंगीत एलईडींचं गणित वेगळं असतं, तिथं आधी दोनचार फोटो काढून पाहावं लागतं.

धागाकर्ती

दादा, ताई, मनापासून आभार! घोंगडीचा प्रयोग आजीला बसवून केला आणि मीटर काय करतो ते डोळ्यांनी दिसलं. काल तालमीत पुढं जाऊन १/१२५ वर काढले. चेहऱ्यावरच्या रेषा आल्या.

आता दोन शंका. हिस्टोग्राम (फोटोत काळं डावीकडं, पांढरं उजवीकडं किती ते दाखवणारा आलेख) सगळा डावीकडं गोळा होतो, हे चालतं का? आणि शेवटच्या प्रवेशात पूर्ण लाल उजेड आहे, तिथं चेहरा म्हणजे नुसता लाल डाग येतो.

प्रतिसाद १

काळा पडदा डावीकडंच असणार, त्याची काळजी नको. उजव्या टोकाला आलेख भिंतीला चिकटलाय का तेवढं बघ. चेहरा तिकडं असतो.

लाल प्रवेशात साधा हिस्टोग्राम फसवतो, कारण तो तिन्ही रंग एकत्र करून दाखवतो. फोटो परत बघताना आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) हिस्टोग्राम लाव. त्यात लालचा आलेख उजवीकडं चिकटलेला दिसेल. तो सुटेपर्यंत एक-दीड स्टॉप कमी कर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो अंधारा वाटला तरी घाबरू नकोस. तरीही डागच राहिला तर प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाला विचार, लालसोबत बाजूनं थोडा पांढरा देता येतो का. तालमीतच विचार, प्रयोगाच्या दिवशी तो ऐकायच्या मनःस्थितीत नसेल.