बिनकाट्याचा फड्या निवडुंग शेळ्यांना चालतो का? कुणी लावलाय का?

माणदेशी_शेळ्या:
नमस्कार मंडळी. आमचं गाव माण तालुक्यात, पावसाचं तुम्हाला माहितीच आहे. 22 उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि ओढ्यापलीकडं दीड एकर मुरमाड, तिथं कुसळाशिवाय काही येत नाही. मागच्या उन्हाळ्यात कडबा एवढा महाग झाला की चार शेळ्या विकाव्या लागल्या, त्यातली एक गाभण होती, अजून जीवाला लागतंय. आता एका पाहुण्यानं बिनकाट्याच्या निवडुंगाचं सांगितलंय. आजी म्हणते 72 च्या दुष्काळात फड्याचे काटे जाळून जनावरांना घातलेत आम्ही, त्यावर जनावरं तगली. पण व्हिडिओत एक जण म्हणतो पाणीच लागत नाही, नुसत्या निवडुंगावर शेळ्या पाळा, ते काय पटत नाही. खरं काय आहे? आणि एकदा लावला की रानभर पसरणार नाही ना?

रानपाखरू:
ताई, मी वनस्पतीशास्त्रवाली, कोरडवाहू भागातल्या झाडांवरच काम करते म्हणून जरा लांबण लावते. पाणी लागत नाही हे चूक, पण कमी लागतं हे शंभर टक्के खरं. बाकीची झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि तेवढ्यात उन्हानं त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंग ती छिद्रं रात्री उघडतो, गारव्यात. रात्रभर घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून त्याचं अन्न करतो. याला कॅम म्हणतात, क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम, आणि ते नाव आलंय आपल्या पानफुटीच्या कुळावरून! बेंजामिन हाइने नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं भारतात असताना पानफुटीचं पान चाखून पाहिलं होतं, सकाळी आंबट, दुपारी बेचव. त्याची ही नोंद 1815 साली छापून आली. तुमच्या दारात पानफुटी असेल तर सकाळी सहाला आणि दुपारी दोनला एकेक तुकडा नुसता जिभेला लावून बघा, मी पहिल्यांदा केलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मेक्सिकोत भाजीसाठी निवडुंगाची कोवळी पानं सकाळी उशिरा नाहीतर दुपारी तोडतात, आंबटपणा उतरलेला असतो म्हणून.

एक किलो कोरडा पाला तयार करायला कॅम झाडांना साधारण 50 ते 100 लिटर पाणी लागतं, मका-ज्वारीसारख्यांना 250-300 आणि गहू वगैरेला 400-500 च्या पुढं. तुमच्या मुरमाडाला हाच हिशोब लागू पडतो. आणि आपण पान म्हणतो ते खरं तर खोड असतं बरं का, पानांचे काटे झालेले असतात.

एक विनंती, शेर आणि त्रिधारी निवडुंग यात मिसळू नका. ती वेगळ्याच कुळातली आहेत, मोडलं की पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर फार वाईट. फड्याला तसला दुधासारखा चीक नसतो, मोडल्यावर नुसता बुळबुळीत रस येतो.

गोठा_आणि_गोचीड:
मी जनावरांचा डॉक्टर, मराठवाड्यात. ताई, नुसत्या निवडुंगावर शेळी ठेवू नका, हात जोडून सांगतो. हिरव्या पानात शंभरातले 85 ते 90 भाग पाणीच असतं. तीस किलोच्या शेळीला दिवसाला किलोभर कोरडं खाणं लागतं, ते फक्त यातून द्यायचं तर आठ-दहा किलो पानं खावी लागतील, आणि तेवढी खाल्ली की हगवण लागलीच म्हणून समजा. प्रोटीन तर फारच कमी. कॅल्शियम भरपूर दिसतं पण पानातल्या ऑक्सालेट नावाच्या क्षारामुळं ते सगळं अंगी लागत नाही. म्हणून कडब्याची कुट्टी, तुरीचं भुसकट, शेवरी किंवा सुबाभूळ याच्याबरोबर मिसळून द्या, सुरुवात मूठभर तुकड्यांनी आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या.

पण त्याची खरी किंमत पाण्यात आहे. ट्युनिशियात हिशेम बेन सालेम आणि अली नेफझाउई यांनी 1996 साली मेंढ्यांना गव्हाच्या काडाबरोबर निवडुंग घालून पाहिला, तर रोज पोटात जाणाऱ्या निवडुंगाचा कोरडा भाग 300 ग्रॅमच्या आसपास गेला की मेंढ्यांचं पाणी पिणं जवळजवळ बंद झालं. टँकरच्या दिवसांत याचा अर्थ काय ते तुम्हाला मी सांगायला नको. काड पण जास्त खाल्लं त्यांनी.

ब्रिस्बेनकर:
पसरण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, मी क्वीन्सलँडमध्ये राहतो. इथं ऑस्ट्रेलियात फड्यानं 1920 च्या दशकात जवळपास 24 दशलक्ष हेक्टर जमीन गिळली होती, लोक शेतं सोडून गेले. मग अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग आणला, त्याच्या अळ्यांनी आतून पोखरून बहुतेक सगळा साफ केला. बूनार्गा गावात त्या किड्याच्या नावानं हॉल बांधलाय, 1936 चा! आपल्याकडं तर त्याच्याही आधी झालंय, 1795 ला कोचिनियलचे किडे लाल रंगासाठी म्हणून आणले, किड्याची जात भलतीच निघाली आणि त्यांनी फड्याची एक जातच खाऊन टाकली. पुढं 1926 ला दक्षिण भारतात त्याच कुळातला दुसरा किडा मुद्दाम सोडला.

तुमच्यासाठी यातलं दोन कामाचं. बिनकाट्याच्या बोंडातलं बी रुजलं की रोप काटेरी निघू शकतं, म्हणून बोंडं पिकू देऊ नका, कापणी आधी. आणि रोपाला पानं आणाल तेव्हा त्यावर कापसासारखे पांढरे ठिपके आहेत का बघा, नखानं चिरडलं आणि बोट लालभडक झालं तर ते पान घरी आणूच नका. तो कोचिनियलचा किडा, मोरोक्कोत 2014 पासून त्यानंच बागाच्या बागा गेल्यात.

रानपाखरू:
@ब्रिस्बेनकर अगदी बरोबर. त्यावरून आठवलं, बोंडं खाल्ली की रक्त वाढतं असं आपल्याकडं म्हणतात, पण लाल रंग बीटातल्यासारखा बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, तो रक्ताचा किंवा लोहाचा पुरावा नाही. बोंडं चवीला खा, मात्र हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांकडंच जा. आणि ताई, पान कापल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, कापलेली बाजू सुकून खपली धरली की निम्मं मातीत उभं लावा. ऐन पावसाळ्यात लावू नका, कुजतं.

माणदेशी_शेळ्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पानफुटीचं पान चाखलं, खरंच कच्च्या कैरीसारखं आंबट, आणि दुपारी त्याच झाडाचं नुसतं पाणचट. आजीला दिलं तर तिनं डोळे मिटून चाखलं आणि परत मागितलं. पाहुण्याकडची पानं नीट तपासून 40 आणतेय, मुरमाडाच्या वरच्या अंगाला लावते, पाणी साचत नाही तिथं. डॉक्टर, गाभण शेळीला किती द्यायचा तेवढं सांगाल का?