सांबरं शाळूत उतरतायत, शेजारचे काका करंट सोडतो म्हणतायत – मदत हवी आहे

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी. कडेगाव तालुक्यात सागरेश्वरच्या डोंगराला लागून आमची पावणेचार एकर जमीन आहे. दीड एकर ऊस, एकरभर शाळू (रब्बी ज्वारी), थोडा हरभरा, उरलेल्यात वैरणीचा मका. गेल्या पंधरवड्यापासून रात्री पीक खाल्लं जातंय. आधी डुक्कर वाटलं, पण डुक्कर येऊन गेलं की जमीन उकरलेली दिसते. इथं जमीन जशीच्या तशी, फक्त शाळूची पोटरी, म्हणजे पानात दडलेलं कोवळं कणीस, वरच्यावर ओरबाडलेली आणि हरभऱ्याचे शेंडे गेलेले. परवा रात्री मळ्यात झोपलो. साडेबाराच्या सुमाराला बांधावर बॅटरी मारली तर सात जोडी डोळे चमकले. सांबरं होती. एक मोठा नर, मानेवर दाट केस, शिंगं माझ्या हाताएवढी लांब. त्यानं पुढचा पाय जोरात आपटला, 'ढांक' असा एकच आवाज काढला आणि सगळी ओघळीतनं वर गेली.

नुकसान आहेच, पण धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. आमच्या बांधाला बांध लागून भावकीतल्या एका काकांचं रान आहे. त्यांचा हरभरा दोनदा गेला. सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. शनिवारी ते मला म्हणाले, "थ्री फेजची लाईन रानावरनंच गेलीया. आकडा टाकतो आन् बांधावरनं उघडी तार सोडतो. एक पडलं की बाकीची येणार न्हाईत." माणूस वाईट नाही. माझ्या लग्नात मांडव त्यांनीच घातला होता. पण त्याच बांधावरनं त्यांची नात पहाटे पाणी धरायला जाते, आणि आमचे आबाही.

आबांचं वय आता चौऱ्याहत्तर. हा डोंगर उघडाबोडका होता तेव्हापासून त्यांनी बघितलाय. वृक्षमित्र धों. म. मोहिते अण्णांनी झाडं लावायचं मनावर घेतलं, तेव्हा गावोगावची पोरं त्यांच्या मागं गेली, त्यात आबा होते. उन्हाळ्यात रोपांना कावडीनं पाणी घातलंय त्यांनी. पुढं 1985 साली अभयारण्य झालं. सांबर, चितळ, काळवीट इथं मुद्दाम आणून सोडलेली. आबा आजही जागलीला येतात, गोफण घेतात, पण दगड जनावराच्या बाजूला टाकतात, अंगावर नाही. काकांचं बोलणं कानावर गेल्यापासून ते नीट जेवले नाहीत.

तर मला हे हवंय: जनावराला इजा न होता ही सांबरं रोखायची कशी? भरपाई खरंच मिळते का? मागच्या वर्षी मी आठ दिवसांनी चौकशीला गेलो, तेव्हा मुदत संपली होती. ती माझीच चूक. आणि काकांना काय सांगू, की ते थांबतील? शाळू हुरड्यात यायला तीन आठवडे आहेत, त्याच्या आत काही तरी करायला पाहिजे.

कोयनाकाठ

दादा, मी पाटण तालुक्यातला. बाकीचं नंतर, आधी तारेचं. आज संध्याकाळीच काकांकडे जाऊन बसा. आमच्या शेजारच्या वाडीत एकानं डुकरासाठी अशीच तार सोडली होती. रात्री डुक्कर आलंच नाही. पहाटे त्याचाच सख्खा भाऊ मोटर चालू करायला गेला, दव पडलेलं, पायात चप्पल नाही. पुढं काय झालं ते लिहवत नाही. घर अजून सावरलेलं नाही.

कायदा त्याच्या नंतर येतो, पण तोही सांगा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सांबर संरक्षित आहे. तार लावून मारणं ही शिकारच धरली जाते, 'पिकासाठी लावली' हे कारण चालत नाही. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा आणि वीजचोरी वेगळी. पण कायद्याचं शेवटी बोला. आधी नातीचं बोला.

डोंगरपायथा

दादा, वाचून अंगावर काटा आला. आजच जातो.

रानवाट

मी अभ्यासक नाही, पण वीसेक वर्षं कोयना-चांदोलीच्या बाजूला फिरतोय. सांबरं तुमच्या रानात का येतात हे कळलं तर उपाय नेमका करता येईल, म्हणून जरा लांबून सांगतो.

सांबर हे डोंगरातल्या झाडीचं जनावर. भारतभर आहे, श्रीलंका, नेपाळ, म्यानमारपासून दक्षिण चीन, तैवान आणि सुमात्रा-बोर्निओपर्यंत आहे. आपल्याकडचं हे सगळ्यात मोठं हरीण, पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या वर जातो. पाला, गवत, शेंगा, साल, फळं, सगळं खातं. पाणी रोज लागतं. वावर बहुतेक रात्रीचा. बाहेरच्या देशांत मांसासाठी शिकार होऊन आणि जंगल तुटून ते इतकं कमी झालं, की 2008 पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. आणि उलटी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथं 1860 च्या दशकात साहेबांनी शिकारीच्या हौसेनं ते नेऊन सोडलं, आज व्हिक्टोरिया प्रांतात इतकं वाढलंय की ते आवरायची चिंता आहे. जनावर तेच. फरक ते कुठं आहे आणि त्याच्या मागं कोण आहे याचा.

आता आपल्या जिल्ह्यांपुरतं बघा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 1165 चौरस किलोमीटरचा. तिथल्या सांबराच्या मागं बिबट्या आहे, कोळसुंद्यांची (रानकुत्र्यांची) टोळी आहे. सांबर दबून राहतं, एका जागी थांबत नाही. सागरेश्वर आहे 10.87 चौरस किलोमीटर. डोंगर कोरडा, पाणी बऱ्याच ठिकाणी माणसानं पाणवठे करून पुरवलेलं, आणि सांबराला धाक बसवेल असं मोठं जनावर तिथं फारसं नाही. खाली ताकारी उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि जिथं पूर्वी फक्त खरीप यायचं तिथं बारा महिने ऊस उभा राहिला. वर वाळलेलं गवत, खाली ओला चारा. जनावर येणारच. यात त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

ओळखीची एक खूण देतो, पंचनाम्याला उपयोगी पडेल. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती चावून तोडत नाहीत, ओढून तोडतात, त्यामुळं खाल्लेल्या शेंड्याची कड फाटल्यासारखी दिसते. ससा खातो तेव्हा कड कातरल्यासारखी तिरकी आणि स्वच्छ. फोटो जवळून काढा, शेजारी काडेपेटी ठेवून. खुराचेही काढा. भेकराचा खूर सांबरापेक्षा कितीतरी लहान असतो, फोटोत लगेच कळतो.

बांधावरचा

सगळं खरं, पण जनावरांवर माया करायला शहरातनं येणाऱ्याला काय जातंय? रविवारी गाडीतनं येतात, फोटो काढतात, जातात. पीक आमचं जातं. रात्रीची झोप आमची जाते. मी करंटच्या बाजूनं नाही, पण त्या काकांच्या जागी बसून बघा.

डोंगरपायथा

भाऊ, तुमचं म्हणणं मान्य आहे. मी शहरातला नाही, माझंही पीक गेलंय. काकांचं दुःख मला कळतं, म्हणून तर तक्रार करायला न जाता इथं विचारतोय. जंगल सगळ्यांचं म्हणायचं आणि त्याचा खर्च मात्र पायथ्याच्या दहा-बारा गावांनी सोसायचा, हे बरोबर नाहीच. पण हा डोंगर हिरवा झाला तो आमच्याच बापांनी पाणी घातलं म्हणून. तिथलं जनावर आमच्या तारेला चिकटून मरावं हे मला सहन होणार नाही.

कृष्णाकाठ

भरपाईचं मी सांगते. आमच्या घरी दोनदा मिळाली आहे, त्यामुळं अनुभवाचं बोलते. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याकडे लेखी अर्ज जायला हवा. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. अर्जाची पोच घ्या. त्यानंतर वन, महसूल आणि कृषी अशा तिन्ही खात्यांची माणसं मिळून पंचनामा करतात, त्याला दहा दिवसांची मुदत असते. तोवर रान मोडू नका, नांगर घालू नका. सातबारा, बँक पासबुकाची प्रत, फोटो जोडा. दर वेळी नवीन नुकसान झालं तर नवीन अर्ज.

शासन निर्णयात 'हरीण (सारंग आणि कुरंग)' असे शब्द आहेत. लोक ते वाचून गोंधळतात, आपलं जनावर त्यात येतं की नाही म्हणून. दरवर्षी शिंगं गळून नवी येतात ते सारंग, म्हणजे सांबर, चितळ, भेकर. शिंगं कायमची राहतात ते कुरंग, काळवीट त्यातलं. तुमचं सांबर स्पष्टपणे बसतं.

रक्कम पूर्ण नुकसानाएवढी नसते हे आधीच मनात धरा. पण काकांचा आणि तुमचा अर्ज एकाच दिवशी, एकत्र द्या. दोघांचा पंचनामा एकाच फेरीत होईल आणि काकांनाही वाटेल की आपल्यासाठी कुणीतरी चाललंय. त्या माणसाला आत्ता पैशाइतकीच त्याची गरज आहे. वन विभागाची 1926 ही मदतवाहिनी आहे, रात्री जनावर विहिरीत पडलं किंवा जाळीत अडकलं तर तिथं लगेच फोन करा.

आणि एक. उन्हाळ्यात बांधाला गळालेलं शिंग सापडलं तर घरी आणू नका. शृंगभस्म या औषधासाठी मागायला येणारे भेटतात. ते विकणं तर गुन्हा आहेच, जवळ ठेवणंही अडचणीचं आहे.

हळदीचा मळा

वाळवा तालुक्यातनं बोलतोय. मी सगळं करून बसलोय, त्यातलं काय टिकलं ते सांगतो.

जुन्या साड्या बांधल्या. आठ दिवस छान, मग सवय झाली. तरी आडोसा म्हणून त्यांचा उपयोग आहे, पलीकडं काय आहे ते दिसलं नाही की सांबर उडी मारायला कचरतं. नाहीतर पाच-सहा फूट कुंपण त्याला काहीच नाही. बुजगावणं, सीडी टांगणं, रेडिओ, सगळ्याची सवय होते. रेडिओ दोन रात्रींनी जागा बदलून ठेवला तर जरा जास्त चालतो. फोरेट हे कीटकनाशक चिंध्यांत बांधून लटकवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते जहाल विष आहे, पाण्यात उतरतं.

टिकलं ते झटका मशीन, कुंपणाच्या तारांना जोडायचं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, सौर पॅनेल लावता येतं. सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका बसतो, जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. लाईनच्या करंटशी त्याचा काही संबंध नाही, हे काकांना हात लावून दाखवा, मी माझ्या वडिलांना तसंच दाखवलं. मशीन प्रमाणित कंपनीचंच घ्या, घरी जोडलेलं नको. सांबरासाठी तारा पाच तरी हव्यात, वरची सहा फुटांच्या पुढं. महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच्या अंगावर राठ केस, त्यामुळं अंग घासून गेलं तर झटका नीट बसत नाही. नाक लागलं पाहिजे. मी तारेला पत्र्याच्या लहान चकत्या अडकवून त्यावर शेंगदाण्याचा कूट आणि गूळ लावला. पहिल्या रात्री हुंगायला आलं, नाकाला बसला, परत त्या बाजूला फिरकलं नाही.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतनं सौर कुंपणाला अनुदान देतात. तुमचं गाव त्यात बसतं का ते वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

पुढच्या वर्षासाठी: डोंगराच्या बाजूला हळद किंवा आलं घ्या, त्याला हरीण तोंड लावत नाही. आणि आपले जुने लोक शाळूभोवती करडईच्या चार ओळी टाकायचे ते उगाच नाही. काटा तयार झाला की जनावर आत शिरायला नाखूष असतं. ट्रॅक्टरनं सलग पेरायला लागलो आणि ते मोडलं.

डोंगरपायथा

आठ दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमा करा.

त्या संध्याकाळी काकांकडे गेलो. आबाही आले, मी नको म्हणत असताना. मी कायदा, गुन्हा यातलं काही काढलं नाही. कोयनाकाठ दादांनी लिहिलेलं तसंच्या तसं मोबाईलवर वाचून दाखवलं. काका बराच वेळ गप्प होते. नात चहा घेऊन आली तेव्हा तिच्याकडं बघत राहिले. मग आबा म्हणाले, "तुझ्या हरभऱ्याची जागल मी करतो. कुंपण होईस्तोवर रोज. तू झोप." काकांनी तारेचं बंडल उचलून माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोघांचे अर्ज एकत्र दिले, पोच घेतली. पंचनामा झाला. फाटलेल्या कडेचे फोटो उपयोगी पडले, रानवाट साहेब. मशीन आम्ही दोघांत मिळून एकच घेतलंय, डोंगराची बाजू आणि ओघळीचं तोंड तेवढं बांधून काढलं, बाकी बाजूंना साड्या. चार रात्री सांबरं ओघळीपर्यंत येऊन परत गेली. काल आबांनी खूर मोजले, सातच्या सातही होती.

आता एक अडचण आलीय. आमच्याकडं वीतभर मातीखाली मुरूम आहे. दुपारी झटका कमी होतो, टेस्टर नीट दाखवत नाही. अर्थिंगचा दोष असेल का?

हळदीचा मळा

अर्थिंगच. मुरमात एका सळईनं भागत नाही. तीन सळया, एकमेकींपासून दहा-दहा फुटांवर, चार फूट तरी खोल. खड्ड्यात लोणारी कोळसा आणि मीठ भरा, तिन्ही एकाच तारेनं जोडा. उसाच्या पाटाजवळ घेतल्या तर ओल आपोआप राहील. आणि सगळ्यात खालच्या तारेला गवत टेकलंय का बघा, निम्मा झटका तिथंच जमिनीत उतरतो.

डोंगरपायथा

गवत टेकलंय. आत्ताच खुरपं घेऊन जातो.