आप्पांसाठी सीपॅप घ्यायचंय, मशीन कोणतं आणि मास्क कोणता?

उदगीरकर

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा 61 वर्षांचे, वजन भरपूर, घोरणं असं की शेजारचे विचारतात. लातूरला स्लीप स्टडी केली, एएचआय 54 आला, म्हणजे तासाला 54 वेळा श्वास अडतो नाहीतर उथळ पडतो, झोपेत ऑक्सिजन 72 पर्यंत खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणले स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) सिव्हिअर आहे, मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, म्हणजे सीपॅप, लावावंच लागंल. आता डीलर म्हणतोय सीपॅप कशाला, डायरेक्ट बायपॅपच (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) घ्या, पुढं लागणारच आहे, आणि जो भाव सांगतोय त्यात एक बरी सेकंडहँड बुलेट येईल. मास्क फुल फेसच (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) देतो, सगळ्यांना तोच देतो म्हणे. आप्पांना भरघोस मिशा हायत, तोंड उघडं टाकून झोपतात, आमच्याकडं लाइटचा भरवसा नाही, आणि उन्हाळाभर ते गच्चीवरच झोपतात, आत झोपा म्हणलं की भांडण. आईला वेगळीच भीती, मास्क लावलेला असताना लाइट गेली तर गुदमरतील का? वापरणाऱ्यांनी सांगा.

परभणीवाला

भाऊ मी बरीच वर्षं लावतोय. मशीनवर फार डोकं घालू नका, ऑटो सीपॅप (गरजेप्रमाणं प्रेशर आपोआप कमीजास्त करणारं) घ्या, त्यात रोजचा एएचआय, लीक (मास्कमधून किती हवा गळते) आणि प्रेशर दिसलं पाहिजे आणि कार्डवर किंवा ॲपवर साठलं पाहिजे, एवढं बघा. जो माणूस मशीन कपाटात टाकून देतो ना, तो बहुतेक मास्कपायीच टाकतो. नुसता हातात धरून मास्क घेऊ नका. मशीन चालू करून, प्रेशर वाढवून, आडवं झोपवून, कुशीवर वळवून बघायचं, कारण बसल्यावर बरोबर बसणारा मास्क झोपल्यावर गालापाशी फसफस करतो. आणि फसफस झाली की लोक पट्टे करकचून ओढतात, मग नाकाच्या हाडावर जखम. तसं न करता मास्क जरासा वर उचलून परत टेकवायचा, सिलिकॉनचा कडेचा पडदा हवेनं फुगून आपोआप बसतो.

मिशांचं म्हणाल तर माझ्याही हायत. नाकपुड्यांत बसणारे पिलो येतात त्यांना मिशांचा त्रास सगळ्यात कमी. फुल फेसमध्ये लीक व्हायला जागा जास्त. फक्त झोपताना मिशांना तेल लावू देऊ नका, सिलिकॉन सरकतं.

आयसीयूतली ताई (छ. संभाजीनगर)

आधी एक विचारते, आप्पांचं नाक मोकळं आहे का? तोंड उघडं राहतं ते बऱ्याच वेळा नाक बंद म्हणूनच. ईएनटीला एकदा दाखवा, हाड वाकडं असेल, ॲलर्जी असेल तर त्याचं बघून घ्या. नाक मोकळं असेल तर नेझल मास्क (फक्त नाकावरचा) आणि गरज पडली तर हनुवटीचा पट्टा, नाहीच जमलं तर फुल फेस. डीलर "सगळ्यांना तोच" म्हणतो म्हणजे त्याच्याकडं तेवढाच स्टॉक आहे असं समजा 😀

बायपॅपबद्दल. ते वाईट नाही, पण ते लागतं कुणाला? रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल, वजनामुळं श्वासच उथळ पडत असेल, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) सोबत असेल, किंवा सीपॅपचं जास्त प्रेशर सोसतच नसेल. आप्पांचं वजन आहे म्हणून डॉक्टरांना विचारा की एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची तपासणी) करायची का. ती नॉर्मल असेल तर 54 आला म्हणून बायपॅप असं काही नसतं, सिव्हिअरलासुद्धा पहिला इलाज सीपॅपच. प्रेशर 4 ते 20 असं सताड उघडं ठेवून देतात काही जण, तसं नको, थोड्या दिवसांचा रिपोर्ट बघून डॉक्टरांकडून रेंज आवळून घ्या.

आईंना सांगा, गुदमरत नाही. फुल फेस मास्कला एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. पण एक गोष्ट लई महत्त्वाची, कोविडच्या वेळचा आयसीयूतला मास्क कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका. त्यातल्या पुष्कळांना श्वास बाहेर सोडायची भोकं नसतात, कोपरा निळा असतो त्यांचा. घरच्या मशीनला तसला लावला की सोडलेली हवाच परत आत.

बीडचा इन्व्हर्टर

लाइटचं माझ्याकडनं. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) आणि गरम नळी बंद ठेवली तर ही मशीन फार कमी करंट खाते, ते चालू केलं की खरा खर्च. घरचा 150 एएचचा बॅटरीवाला इन्व्हर्टर असंल, बॅटरी बरी असंल, तर रात्र निघते. इन्व्हर्टर मात्र साइन वेव्हचा पाहिजे. गच्चीवर प्लग पॉइंट पक्का काढून घ्या, जिन्यातनं वायर ओढून चालवू नका, रात्री कुणीतरी अडकतंच. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर लवकर काळा पडतो, तो बदलत राहा. पाणी बोअरचं अजिबात टाकू नका, टाकीला पांढरा थर धरतो, डिस्टिल्डच.

आणि जुनी फिलिप्स कुणी स्वस्तात देत असंल तर आधी नंबर तपासा, जून 2021 मध्ये त्यांनी लाखो मशीन परत मागवल्या होत्या, आवाज कमी करायचा आतला फोम सुटून श्वासात जायची भीती होती म्हणून.

आयसीयूतली ताई (छ. संभाजीनगर)

आणि हो, आप्पा गाडी चालवतात का? मशीनची सवय होऊन दिवसाची पेंग जाईपर्यंत किल्ली तुमच्याकडं ठेवा. भांडले तरी.

उदगीरकर

चालवतात की ओ ताई, ट्रॅक्टर पण. ठेवतो किल्ली. बायपॅपचं थांबवलं, आधी एबीजी विचारतो. नांदेडचा एक जण मशीन भाड्यानं आणि दोन-तीन मास्क ट्रायलला देतो म्हणलाय, तिकडंच जातो. पुण्याला लग्न आहे, मशीन सोबत नेता येईल ना?

परभणीवाला

न्या की, पिशवी मिळते सोबत. फक्त निघायच्या आधी टाकीतलं पाणी ओतून टाका, हिंदकळून मशीनमध्ये गेलं तर मोटारीची वाट लागते. आणि लग्नघरी पलंगाजवळचा प्लग आधीच धरून ठेवा, नाहीतर सगळे मोबाईल तिथंच लागतेत.