मदत हवी आहे : घराच्या फेरआकारणीच्या विशेष नोटिशीवर हरकत नेमकी कशी मांडावी?

नमस्कार. राज्यातील एका महानगरपालिकेच्या हद्दीत आमचे तळमजला अधिक एक मजला असे स्वतंत्र घर आहे. ते आईच्या नावावर असून ती तेथे एकटीच राहते. मी नोकरीनिमित्त हैदराबादला असते. पालिकेने यंदा एका खासगी संस्थेकडून शहरातील मिळकतींची नव्याने मोजणी करून घेतली आणि त्या मोजणीच्या आधारे आईला मालमत्ता कराच्या फेरआकारणीची विशेष नोटीस आली आहे. आतापर्यंत घराचे करयोग्य मूल्य (ज्या वार्षिक रकमेवर कर मोजला जातो ती) सुमारे ९,८०० रुपये होते, ते या नोटिशीत २४,४९४ रुपये दाखवले आहे. आईचे उत्पन्न म्हणजे वडिलांच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन, त्यामुळे नोटीस वाचल्यापासून ती फार अस्वस्थ आहे आणि शेजारच्यांनी दिलेला "भरून टाका, पालिकेशी कोण भांडणार" हा सल्ला तिला पटू लागला आहे. मला तो पटत नाही, कारण नोटिशीतील आकडे घराशी जुळत नाहीत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. दर वाढले याबद्दल माझी तक्रार नाही. पक्क्या निवासी बांधकामाला दरमहा प्रति चौरस मीटर १२ रुपये हा गृहीत भाड्याचा नवा दर आमच्या संपूर्ण भागाला लागू झाला आहे आणि तो आम्ही भरू. माझा आक्षेप आमच्या घराच्या नोंदींवर आहे.

मंजूर नकाशाप्रमाणे तळमजला ७४ आणि पहिला मजला ५२, असे एकूण १२६ चौरस मीटर बांधकाम आहे. नोटिशीत १६१ चौरस मीटर धरले आहे. जास्तीच्या ३५ चौरस मीटरपैकी २४ चौरस मीटर ही अंगणातील पत्र्याची शेड आहे. चार लोखंडी खांबांवर पत्रे टाकलेले आहेत आणि तिन्ही बाजू उघड्या आहेत. तिला आरसीसी बांधकामाचा दर लावला आहे. उरलेले ११ चौरस मीटर म्हणजे बाहेरचा उघडा जिना आणि ओटा असावा, असा माझा अंदाज आहे, कारण मोजणीला आलेल्या मुलांनी यंत्र धरून बाहेरूनच मापे घेतली, आत कोणीही आले नाही, असे आई सांगते.

दुसरी नोंद मला अधिक खटकते. तळमजल्यावरील पुढची १४ चौरस मीटरची खोली "बिगरनिवासी" दाखवून तिला ३६ रुपये दर लावला आहे. आई पूर्वी ओळखीच्या बायकांना साड्यांना फॉल-पिको करून देत असे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिने ते काम बंद केले, मात्र फाटकावरची "फॉल-पिको करून मिळेल" ही पाटी तशीच राहिली होती आणि नोटिशीसोबतच्या छायाचित्रात ती ठळक दिसते. खोलीत आज पलंग, वडिलांचे पुस्तकांचे कपाट आणि झाकून ठेवलेले शिवणयंत्र आहे. घराला एकच वीजमीटर आहे आणि बिलावर घरगुती वापर असे लिहिलेले आहे. या एका नोंदीमुळे प्रस्तावित मागणीच्या तपशिलात रोजगार हमी उपकराची ओळही आली आहे, जी आमच्या कराच्या बिलात यापूर्वी कधीही नव्हती.

तिसरी बाब सर्वांत गंभीर आहे. पहिला मजला २००४ मध्ये रीतसर परवानगी घेऊन बांधला. परवानगीचे पत्र आणि मंजूर नकाशा आमच्याकडे आहे, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मात्र सापडत नाही. नोटिशीत या मजल्यापुढे बांधकामाचे वर्ष २०१६ आणि शेरा "अनधिकृत" असा आहे. प्रभाग कार्यालयातील कर्मचाऱ्याने आईला तोंडी सांगितले की, यावर कराच्या दुप्पट शास्ती (दंड) लागेल.

मी स्वतः केलेला हिशेब असा आहे. १२६ चौरस मीटरला १२ रुपये दराने वर्षाचे १८,१४४ रुपये होतात. शेडला पत्र्याच्या बांधकामाचा ५ रुपये दर लावला, तर तिचे १,४४० रुपये. बेरीज १९,५८४, त्यातून कायद्याप्रमाणे दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केल्यावर करयोग्य मूल्य १७,६२६ रुपये होते. म्हणजे वाढ मान्य करूनही नोटिशीतील मूल्य ६,८६८ रुपयांनी जास्त आहे.

जाणकारांना माझी विनंती आहे की, या तीनही बाबी एकाच अर्जात मांडाव्यात की स्वतंत्रपणे, २००४ चे बांधकाम सिद्ध करण्यासाठी कोणता पुरावा ग्राह्य धरला जातो, आणि हरकतीचा निकाल लागेपर्यंत कर भरावा की थांबावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे. नोटिशीत दिलेली हरकतीची मुदत अजून संपलेली नाही.

प्रतिसाद (निवृत्त कर निरीक्षक)

ताई, आपण आकडे वेगळे करून मांडले आहेत ते फार योग्य केले. माझ्या नोकरीत आलेल्या बहुसंख्य हरकती "वाढ अन्यायकारक आहे, रद्द करावी" एवढ्या एका वाक्याच्या असत आणि त्या एका ओळीतच फेटाळल्या जात, कारण सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला कर परवडतो की नाही हे ठरवायचे नसते; क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष या नोंदी बरोबर आहेत की नाहीत एवढेच त्याने पाहायचे असते. तेव्हा आईंच्या निवृत्तिवेतनाचा उल्लेख अर्जात करू नका. तो खरा आहे, पण त्याने मुद्दा पातळ होतो.

मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि आकारणीची सगळी कार्यपद्धती त्याच्या अनुसूची 'ड' मधील कराधान नियमांत आहे. करयोग्य मूल्याची तक्रार त्या नियमांखाली आयुक्तांच्या नावे करायची असते. क्षेत्रफळ, शेडचा दर आणि पुढच्या खोलीचा वापर हे तीन मुद्दे एकाच तक्रारीत घ्या, मात्र प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद, त्याचा पुरावा आणि आपण सुचवत असलेला आकडा द्या. आपला वरचा हिशेब जसाच्या तसा तक्त्यात लिहा. अधिकाऱ्यापुढे पर्यायी आकडा तयार असला की, त्याला आदेश लिहिणे सोपे जाते.

मोजणीबाबत नुसते "चुकीची आहे" असे म्हणू नका. स्थळपाहणी करून, आतून मापे घेऊन, आपल्या समक्ष पंचनामा करावा अशी लेखी मागणी करा. त्याआधी एखाद्या नोंदणीकृत वास्तुविशारदाकडून घराच्या मापांचा सही-शिक्क्याचा नकाशा करून घेतला, तर वाद निम्मा तेथेच संपतो. शेडची छायाचित्रे तिन्ही उघड्या बाजूंनी काढा. फाटकावरची पाटी काढा आणि काम बंद आहे हे प्रतिज्ञापत्रावर सांगा. शिवणयंत्र घरात असणे हा व्यवसाय नव्हे, पण पाटी लटकत असताना ते कोणाला पटवणे कठीण जाते. वापर निवासी ठरला की, रोजगार हमी उपकर आपोआप गळतो, कारण तो बिगरनिवासी वापरावरच आकारला जातो.

आता "अनधिकृत" हा शेरा. शास्ती हा करयोग्य मूल्याचा भाग नाही, ती कलम २६७ अ खाली येते, म्हणून तिच्यासाठी वेगळा अर्ज करा आणि त्याची एक प्रत बांधकाम परवानगी विभागालाही द्या. ही शास्ती ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांसाठी आहे, आणि म्हणूनच तुमच्या नोटिशीतील २०१६ हे वर्ष इतके महत्त्वाचे ठरते. येथे सर्वांत भक्कम पुरावा आपल्याकडे नसून पालिकेच्याच कपाटात आहे. पहिला मजला बांधून झाल्यावर त्याची कर आकारणी झाली असेल, तर २००५ च्या सुमाराच्या आकारणी पुस्तकात त्या मजल्याची वेगळी ओळ असणारच. मिळकतीच्या मालकाला स्वतःच्या मिळकतीची नोंद विनाशुल्क पाहण्याचा आणि तिचा उतारा घेण्याचा अधिकार याच नियमांनी दिला आहे. माहिती अधिकाराचा अर्जही टाकून ठेवा, पण त्याच्या उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. त्याची वाट पाहत हरकतीची मुदत घालवू नका. जुनी करपावती, परवानगीचे पत्र आणि वाढीव मजल्यासाठी कर्ज घेतले असेल तर बँकेचे कागद, हे सर्व आत्ताच जोडा आणि उतारा नंतर सादर करण्याचा हक्क राखून ठेवत असल्याचे अर्जात लिहा.

प्रतिसाद (पुण्यातील एक वाचक)

आई स्वतः घरात राहतात, मग त्यांना ४० टक्के सवलत मिळणार नाही का? आमच्या सोसायटीत आम्ही सर्वांनी पीटी-३ अर्ज भरून, सोसायटीचे पत्र आणि रहिवासाचा पुरावा जोडून ती घेतली होती.

प्रतिसाद (निवृत्त कर निरीक्षक)

ती सवलत पुणे महानगरपालिकेपुरती आहे. मधल्या काळात ती बंद झाली होती आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयानंतर पुन्हा सुरू झाली. ताईंनी आपल्या पालिकेत महिलांच्या नावावरील किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या घरांना काही सूट आहे का, हे बिलाच्या मागील बाजूस पाहावे. अशा सवलती प्रत्येक पालिकेच्या वेगवेगळ्या असतात. मुंबईच्या वाचकांनीही येथील सल्ला जसाच्या तसा उचलू नये, कारण तेथे १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि २०१० पासून आकारणी भाड्यावर नव्हे, तर भांडवली मूल्यावर होते.

धागाकर्तीचे उत्तर

आपण दोघांनीही वेळ दिलात याबद्दल मनःपूर्वक आभार. आईने जुन्या पत्र्याच्या पेटीतून २००६ ची करपावती शोधून काढली. तिच्यावर "तळ + पहिला मजला" अशी नोंद स्पष्ट आहे आणि पालिकेचा गोल शिक्काही वाचता येतो. ती हातात आल्यापासून आईचा धीर वाढला आहे आणि अर्जावर सही करायला ती आता स्वतःहून तयार आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. हरकत प्रलंबित असताना जुन्या मूल्याप्रमाणेच कर भरला तर चालेल का? आणि निकाल विरुद्ध गेला तर न्यायालयात जाण्यासाठी काय करावे लागते? आईला जिने चढून सुनावणीला जाणे अवघड आहे, म्हणून तिच्या वतीने मी हजर राहू शकते का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद (दिवाणी न्यायालयात वकिली करणारे एक सभासद)

२००६ ची पावती ही आपल्या प्रकरणातील सर्वांत मोलाची वस्तू आहे. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नका. साक्षांकित प्रत जोडा आणि सुनावणीत मूळ फक्त दाखवा.

आईंच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन आपण हजर राहू शकता. आईंच्या ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा.

कर भरण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. बिल हाती आले की, पूर्ण रक्कम "हरकतीचा हक्क अबाधित ठेवून" अशा पत्रासह भरावी. रक्कम भरली म्हणून हरकत बाद होत नाही, आणि मूल्य कमी झाले तर जादा रकमेचा परतावा किंवा पुढील बिलात समायोजन मागता येते. जुन्या मूल्याप्रमाणे अर्धवट रक्कम भरल्यास उरलेली थकबाकी धरली जाऊन तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढू लागते, आणि ती अनधिकृत बांधकामाच्या शास्तीहून निराळी असते. याहून मोठे कारण अपिलाच्या अटींत आहे.

करयोग्य मूल्याविरुद्धचे अपील कलम ४०६ खाली होते; ते पुण्यात लघुवाद न्यायालयात आणि अन्य शहरांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे दाखल करावे लागते. अट पहिली, आयुक्तांकडे तक्रार केलेली असली पाहिजे आणि तिचा निर्णय झालेला असला पाहिजे. जे तक्रारीची पायरी चुकवतात त्यांच्यासाठी हे दार बंद होते. दुसरी, निर्णयानंतर १५ दिवसांत अपील दाखल झाले पाहिजे. तिसरी, नव्या मूल्यावर बिल दिलेले असेल, तर अपील दाखल करण्याच्या दिवसापर्यंतची वादग्रस्त मागणी पालिकेकडे जमा केलेली असली पाहिजे. ही अखेरची अट सामान्य माणसाला जाचक वाटते, आणि माझ्या मते ती तशी आहेही, पण ती पाळली नाही तर अपील गुणदोषांपर्यंत पोहोचतच नाही. आत्ता पूर्ण भरणा केला असेल, तर १५ दिवसांच्या घाईत रक्कम उभी करण्याची वेळ येणार नाही.

आणखी एक लक्षात घ्या. चालू वर्षात आकारणी पुस्तकात मध्येच बदल झाला असेल, तर त्याची पहिली नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तक्रार केलेली असणे ही अपिलाची वेगळी अट आहे. आपली नोटीस सर्वसाधारण फेरआकारणीची आहे की वर्षमध्यातील दुरुस्तीची, हे तिच्या मथळ्यावरून आणि त्यात दिलेल्या नियमाच्या क्रमांकावरून कळेल. खात्री नसेल, तर कमी मुदत गृहीत धरून अर्ज लगेच द्या.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. खिडकीवर कोणी घेण्यास टाळाटाळ केली, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोचपावतीसह आयुक्तांच्या नावे पाठवा. सुनावणीच्या दिवशी आपण काय सांगितले आणि कोणते कागद दाखवले, याचे एक पानी निवेदन स्वतःच तयार करून त्यावरही पोच घ्या. निर्णय तोंडी सांगितला तर त्यावर विसंबू नका. आदेशाची लेखी प्रत मागणारा अर्ज त्याच दिवशी द्या आणि १५ दिवस आदेशावरील तारखेपासून मोजा, प्रत हाती पडल्याच्या तारखेपासून नव्हे.