राउटर चार असले तर चालतील, पण कॉर्डलेस ड्रिल एकच पुरे!

भुसानगर (धागालेखक)

खंडेनवमीला बाल्कनीत सतरंजी टाकून सगळी हत्यारं मांडली. हळदकुंकू वाहिलं, बायको एकेकावर झेंडू ठेवत गेली आणि मध्येच झेंडू संपले. मग तिने मोजदाद केली. राउटर (वायफायचे नव्हेत, सुतारकामाचे) चार, कॉर्डलेस म्हणजे बॅटरीवरचे ड्रिल सहा. "आणि या दहा जणांनी मिळून आजवर काय केलं?" कोपऱ्यातल्या अर्धवट चपलांच्या स्टँडकडे माझी नजर जाऊ नये एवढीच मी काळजी घेतली.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी माझं मत असं झालं की चार राउटरांची लाज वाटायचं कारण नाही, सहा ड्रिलांची मात्र वाटायला हवी.

ज्यांनी राउटर पाहिला नाही त्यांच्यासाठी: मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारं पातं हातात धरून लाकडावरून चालवायचं. खाचा पाडणं, कडा गोल करणं, सनमायकाची वाढलेली कड साफ करणं ही कामं. याचाच धाकटा भाऊ म्हणजे ट्रिमर. यात खरा वेळ जातो तो मशीन लावण्यात. समजा फळीच्या कडेला ३ मिलिमीटरची गोलाई हवी आहे. बिट (म्हणजे ते पातं) बसवला, कापाची खोली लावली, टाकाऊ तुकड्यावर चालवून पाहिलं. गोलाईच्या वर बारीक पायरी उठली. केसभर वर घेतला. आता गोलाई पुरी येत नाही. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला जमतं, आणि तेवढ्यात आठवतं की याच मशीनने मागच्या फळीसाठी खाच पाडायची आहे. बिट काढला की लावलेली खोली गेली. म्हणून एका ट्रिमरला गोलाईचा बिट कायमचा, दुसऱ्याला बेअरिंगवाला, मोठा अर्धा इंची टेबलाखाली उलटा टांगलेला आणि चौथा खाचांसाठी. याला मी हाव म्हणणार नाही.

ड्रिलचं तसं नाही. बिट बदलायला दहा सेकंद. शिवाय राउटर वायरचा. माझा सर्वांत जुना पंधरा वर्षांचा आहे, दोनदा मोटरचे कार्बन (ब्रश) बदलले, एकदा बेअरिंग, अजून ठणठणीत. सहा ड्रिलांपैकी आज दोनच फिरतात. बाकीच्यांच्या बॅटऱ्या गेल्या. एकाची नवीन बॅटरी घ्यावी तर जवळजवळ नव्या ड्रिलची किंमत, दुसऱ्याची मिळतच नाही.

राउटर ही घरातली भांडी आहेत. कॉर्डलेस ड्रिल म्हणजे फ्रिजमधलं दूध. सहा पिशव्या कोणी आणून ठेवतं का?

सुतारकन्या

साफ असहमत. तुम्ही चपलांच्या स्टँडवरून जगाचा हिशेब मांडताय.

माझे बाबा सातारा भागात सुतारकाम करायचे. त्यांच्या पेटीत गिरमिट होतं, सामता होता. दोरी गुंडाळलेला सामता पुढे-मागे ओढत भोक पाडताना मी लहानपणी भुसा फुंकायला बसायचे, म्हणून हे ऐकीव नाही. तेच बाबा उतारवयात किचन ट्रॉल्यांच्या कामाला लागले, तेव्हा त्यांनी पहिलं विजेचं हत्यार घेतलं ते १२ व्होल्टचा छोटा कॉर्डलेस. राउटर कितीतरी नंतर आला.

कारण सांगते. वीस दरवाज्यांचं किचन धरा. दर दरवाज्याला दोन बिजागऱ्या, दर बिजागरीला कमीत कमी चार स्क्रू. झाले १६०. प्रत्येकाला आधी बारीक भोक, मग स्क्रू. एकाच ड्रिलवर बिट बदलत बसलात तर तुमचे दहा सेकंद मोजा. बाबांनी वर्षभरात दुसरा ड्रिल घेतला. एकात भोकाचा बिट, दुसऱ्यात स्क्रूचा, उजवा-डावा हात. म्हणजे राउटरसाठी जो युक्तिवाद तुम्ही केलात तोच. फक्त त्यांच्याकडे तो रोज लागू पडायचा, तुमच्याकडे खंडेनवमीला.

त्याआधी तेच स्क्रू ते हाताने पिळायचे. संध्याकाळी भाकरी मोडायला डावा हात वापरायचे. आई आधी चिडायची, मग नुसती कुस्करून द्यायला लागली.

आणि साइटवर मीटर बसलेला नसतो. वायरचा राउटर कुठे लावणार, झेंडूला?

मिलीअँप

+१ सुतारकन्या. दुधाची उपमा मात्र चुकली. लिथियमची बॅटरी लोणच्यासारखी आहे. नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, ओला चमचा घातला की संपली.

धागालेखकाच्या चार बॅटऱ्या वापरून मेल्या नसाव्यात, न वापरून मेल्या असाव्यात. सहा ड्रिल घेतले की चार पडून राहतात. पूर्ण उतरलेली बॅटरी माळ्यावर टाकली की ती हळूहळू आणखी उतरते आणि एका मर्यादेखाली गेली की चार्जर तिला हातच लावत नाही. उलट पूर्ण भरून तापलेल्या पत्र्याखाली ठेवली तरी आयुष्य घटतं. महिनोन् महिने ठेवायची तर अर्धी भरलेली, गार जागी. तेव्हा आधी हे सांगा, माळा कुठल्या बाजूला आहे?

अवांतर, पण दुकानात फसू नका. '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' यांत तसा फरक नसतो. आत पाचच सेल. सरासरी ३.६ धरलं की १८, नुकतं भरलेलं ४ धरलं की २०. तसंच तीन सेलचा १०.८ वाला १२ म्हणून विकला जातो. माझ्या मेहुण्याने १८ चा विकून २० चा घेतला आणि आठवडाभर 'ताकद जाणवते' म्हणत होता.

जुन्या लोकांचा बॅटरीवरचा राग मात्र समजू शकतो. ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये पहिला कॉर्डलेस ड्रिल आणला तो निकेल-कॅडमियमवर, मकिताचा १९७८ चा ७.२ व्होल्टवालाही त्यावरच. लिथियमची मोठी हत्यारं २००५ च्या आसपास यायला लागली. पहिला ड्रिल त्याआधी घेतला असेल तर तेव्हाचं मत अजून धरून बसू नका.

उपाय सोपा आहे. कंपनी एकच धरायची. ड्रिल दोन घ्या, तीन घ्या, बॅटरी सगळ्यांना तीच लागली पाहिजे.

डॅलसचा दादा

माझ्या गॅरेजमध्ये सात राउटर आहेत. बायको आयडी ओळखते, त्यामुळे जास्त लिहीत नाही. इथे लोक घर विकताना गॅरेज सेलमध्ये चांगले राउटर मातीमोलाने काढतात आणि माझ्यासारखा त्या दिवशी नेमका तिथे असतो. धागालेखकाशी सहमत, गोलाईचा बिट लावलेला मशीन मी उघडतसुद्धा नाही.

पण एक अक्कलखाती जमा असलेली गोष्ट सांगतो. त्यातला एक पुण्याला भावासाठी नेला. ११ अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे १३२० वॉट. पुण्यात २३० व्होल्ट. मोटर ब्रशवाली असल्याने तिकडचे ६० आणि इथले ५० हर्ट्झ या फरकाने तिचं काही बिघडत नाही, पण ट्रान्सफॉर्मर लागतोच. आम्ही २००० व्हीएचा घेतला. राउटर एका हाताने उचलतो, ट्रान्सफॉर्मर उचलायला दोघं.

खरा घोटाळा पुढे झाला. अमेरिकन मशीनची कोलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी चिमटी, पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. भावाने बोहरी आळीतून बिट आणला तो ६ मिलिमीटर दांड्याचा. बसला, आवळला, फिरलासुद्धा. सागाच्या टेबलावर खाच पाडायला घेतली. सुरुवातीला ४ मिलिमीटर खोल असलेली खाच दुसऱ्या टोकाला ९ झाली. कोलेटची पकड अर्धवट, त्यामुळे बिट हळूहळू खाली घसरत होता. नशीब बाहेर उडाला नाही. ते टेबल आजही तसंच आहे, तिरप्या खाचेत पेन छान राहतात म्हणून वहिनीने ठेवून घेतलं.

ड्रिल आणणार असाल तर मशीन चेक-इनमध्ये आणि बॅटरी हातातल्या पिशवीत. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास, १०० च्या आत बसते.

चौथा मजला

भुसानगर कोणत्या सोसायटीत राहतात हे मला माहीत नाही, पण आमच्या वरच्या मजल्यावर एक भुसानगर आहेत. रविवारी दुपारी दोन ते चार. ड्रिल गुरगुरतो, थांबतो, माणूस झोपू शकतो. राउटर किंचाळतो. माझं मत: ड्रिल साठ घ्या, राउटर शून्य.

पटाशी

वरच्या प्रतिसादाला हसलो, पण मुद्दा गंभीर आहे. चार राउटर असलेल्या किती जणांना एक नीट चालवता येतो? माझ्याकडे शनिवारी शिकायला येतात त्यांतला दर दुसरा माणूस मशीन चुकीच्या दिशेने ओढतो. बाहेरची कड करताना राउटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट न्यायचा. खिडकीसारखा आतला भाग कापताना काट्यांच्या दिशेने. उलट नेलात तर पातं लाकडात चावण्याऐवजी त्यावर चाक होऊन पळतं आणि तुम्हाला घेऊन जातं. एकाची फळी भिंतीवर जाऊन आदळली. त्याने निष्कर्ष काढला की मशीनची ताकद जास्त आहे आणि दुसरा, छोटा घेतला.

मी असा माणूस आहे की एका मशीनवर बिट बदलत काम करतो आणि खोली लावायला प्लायचे ठोकळे कापून ठेवलेत. ३ चा, ६ चा, ९ चा. ठोकळ्यावर राउटर ठेवायचा, बिट खाली टेकवायचा, आवळायचा. चाचणीचे चार तुकडे नाहीत की चार राउटर नाहीत.

भुसानगर

पटाशी, ठोकळे खाचेला चालतील. गोलाईला त्यांचा उपयोग नाही. तिथे बिटाचा वक्र नेमका कडेला कुठे मिळतो ते बघावं लागतं आणि बेसला भुशाचा थर असेल तरी फरक पडतो. खाचांचा चौथा राउटर मात्र मी इथे जाहीरपणे गमावला.

मिलीअँप, माळा पश्चिमेला आहे आणि वर पत्राच आहे. गप्प बसतो.

सुतारकन्या, १६० स्क्रूंचा हिशेब रात्री घरी वाचून दाखवला. बायको म्हणाली, "त्यांना उत्तर दे." उत्तर नाही. दोन ड्रिल मान्य, एकाच बॅटरीचे. पण एक विचारतो, बाबांचे ते दोन ड्रिल नंतर किती चालले?

सुतारकन्या

एक साइटवर चोरीला गेला. दुसरा माझ्याकडे आहे. मुठीच्या रबराला बाबांनी सायकलची ट्यूब कापून गुंडाळलीय, घामाने हात सरकायचा म्हणून. बॅटरी दोनदा बदलली. मागच्या महिन्यात पडद्यांच्या दांड्या त्यानेच लावल्या.

राउटर त्यांनी काम थांबवल्यावर लगेच विकला. म्हणाले, ड्रिल पोरीला कुठेही लागेल, हा घरात ठेवून काय करायचं, ओरडणार नुसता. चौथ्या मजल्याशी त्यांचं जमलं असतं.

भुसानगर

ठीक आहे. तीन राउटर, दोन ड्रिल. मेलेल्या बॅटऱ्या ई-कचऱ्यात देतो, भंगारवाल्याला नाही, हे मिलीअँपने म्हणायच्या आधी मीच म्हणून ठेवतो. तिसऱ्या राउटरसाठी अजून भांडायची तयारी आहे. चपलांच्या स्टँडचा फोटो मात्र कोणी मागू नये.